घरबसल्या

"पायलट, तुमच्या तोंडाला ते काय लागलंय?"

"फेस."

"कसला फेस?"

"दाढीचा, सिस्टर. सलूनमध्ये बसलोय. तुम्ही बोला, कान मोकळे आहेत."

पडद्यावर पांढऱ्या फेसातून दोन डोळे मिचमिचत होते. बाजूने एक हात आला आणि गालावरून वस्तऱ्याचा एक पट्टा ओढून गेला. सिस्टरने कपाळाला हात लावला. या माणसाशी बोलताना तिचा हात दर दोन वाक्यांनी कपाळाकडे जायचाच.

"मी तुम्हाला निवांत जागी बसा म्हणाले होते. बायकोला शेजारी बसवा म्हणाले होते."

"निवांतच आहे की. आणि बायकोला इथं आणली तर हा बिचारा अर्धी दाढी टाकून पळून जाईल."

न्हावी खो खो हसला. "हसू नका तुम्ही, हातात वस्तरा आहे!" सिस्टर त्या न दिसणाऱ्या न्हाव्यावरच खेकसली. मग तिने समोरचे आकडे पुढे ओढले. पायलटचं साखर मोजायचं मशीन त्याच्या फोनला जोडलेलं होतं आणि फोनमधले आकडे आपोआप तिच्याकडे यायचे. "मंगळवारी पहाटे साखर पंचावन्न. शुक्रवारी अठ्ठेचाळीस. ही किती खाली आहे, कळतंय का? या साखरेला माणूस उभ्या उभ्या कोसळतो."

"मशीन बिघडलंय."

"मशीन ठणठणीत आहे. बिघाड तुमच्यात आहे. इन्सुलिन टोचायचं आणि काही न खाता ड्यूटीवर पळायचं! पोटात दोन घास टाकायला काय होतं?"

"गाडी वेळेवर सुटायला हवी ना."

"डेपोत सांगितलंत का इन्सुलिन चालू झाल्याचं?"

या प्रश्नावर पायलटने न्हाव्यापुढे दुसरा गाल केला. "सांगतो की. साहेब रजेवर आहेत. आले की सांगतो. ठेवतो सिस्टर, हा आता गळ्यापाशी आलाय."

पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत सिस्टरला स्वतःचं वैतागलेलं तोंड दिसलं.

हॉस्पिटलने या योजनेला नाव दिलं होतं, 'घरबसल्या सल्ला'. मधुमेहाच्या पेशंटांनी दूरदूरच्या गावांहून यायचं, रांगेत ताटकळायचं आणि पाच मिनिटांत बाहेर पडायचं, हे बंद व्हावं म्हणून. कल्पना चांगली होती, सिस्टरही नाही म्हणत नव्हती. पण घरबसल्या म्हणे! घरी कोणी बसेल तर ना. एक बाई भाजी निवडता निवडता बोलायची आणि फोन भाजीत पडायचा. एक निवृत्त गुरुजी सिस्टरलाच मधुमेह शिकवायचे. एका आजींचं तर आजवर फक्त कपाळ दिसलं होतं. सिस्टरच्या आईने रोज संध्याकाळी ती दारात चपला काढत असताना विचारायचं, "काय गं, आज किती कपाळं तपासलीस?"

सिस्टर मुळात वॉर्डातली. पेशंट उचलून, वळवून, बसवून कमरेने हात टेकले तेव्हा तिला या खोलीत बसवलं. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे. फळ्या अजून तशाच होत्या आणि ओल्या कापडाचा वासही गेलेला नव्हता. मध्ये एक टेबल, टेबलावर पडदा आणि पडद्याच्या डोक्यावर मटारएवढा कॅमेरा. वॉर्डात कोणी कुरकुरला तर त्याच्या मनगटावर हात ठेवला की काम भागायचं. इथे मनगटच नव्हतं. इथे नुसतं तोंड चालवायचं, आणि तेही "आवाज येतोय का, आवाज येतोय का" करत. दिवसअखेर तिचा घसा बसायचा आणि हात रिकामे रिकामे वाटायचे.

त्या सगळ्यांत पायलट म्हणजे कहर होता. लांब पल्ल्याची बस चालवायचा. डेपोतली पोरं त्याला पायलट म्हणायला लागली ती त्याच्या विमानासारखी अलगद गाडी टेकवण्यामुळे. बस थांबली तरी झोपलेल्याला जाग यायची नाही. नेहमीचे प्रवासी तिकिटाआधी विचारत, "आज पायलट आहे का?" असला तर निश्चिंत डोळे मिटत. गाडीला कधी ओरखडा नाही, तोंडात कधी शिवी नाही, दारूचा थेंब नाही. हे सगळं तो स्वतःच सांगायचा, पण खोटं नव्हतं. गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि मॅडमनी, म्हणजे विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी, त्याला इन्सुलिन सुरू केलं. इन्सुलिनवर असलेल्या ड्रायव्हरने डेपोच्या डॉक्टरला कळवायचं, साखर स्थिर होईपर्यंत गाडी हातात घ्यायची नाही, असा नियम होता. पायलटला नियम पाठ होता. पाळायचा तेवढा राहिला होता.

"मॅडम, आपणच कळवू या ना डेपोला," सिस्टर म्हणाली.

"एक संधी देऊ," मॅडम म्हणाल्या. "आपण परस्पर कळवलं तर तो पुन्हा तोंड दाखवणार नाही. बाकीचेही लपवायला लागतील. महिन्याने परत बोलणार आहात ना? तोवर सांगितलं नाही तर मग कळवू. आणि आकड्यांवर लक्ष ठेवा."

सिस्टरने त्याला फोन करून तसं बजावलं. आणि काय आश्चर्य, आठवड्याभरात आकडे सुतासारखे सरळ झाले. उपाशीपोटी एकशे चाळीसच्या आसपास, खाल्ल्यावर एकशे ऐंशीच्या आत. पहाटेचे ते भयंकर पन्नास-पंचावन्न कुठल्या कुठे गेले. सिस्टरने दोनदा चष्मा पुसून पाहिलं. वठणीवर आला म्हणायचा गडी! घरी जाऊन तिने आईलाही सांगितलं, "बघ, ओरडल्याचा उपयोग होतो कधीकधी."

"मग माझ्यावर का होत नाही?" आई म्हणाली.

महिन्याने ठरलेल्या वेळी पायलट पडद्यावर आला तो गणवेशात, चक्क ड्रायव्हरच्या सीटवर बसून. फोन समोरच्या काचेला टेकवलेला होता. मागे माणसं चढत होती, पिशव्या वर फेकत होती.

"बसमध्ये? पायलट, मी काय सांगितलं होतं?"

"गाडी उभी आहे, सिस्टर. सुटायला वेळ आहे. बोला."

"आकडे छान आहेत," सिस्टर जरा सैल होत म्हणाली. "पण डेपोत सांगितलं का, ते आधी बोला. आज टोलवाटोलवी चालणार नाही."

पायलट हसला. हसण्यासारखं काही नव्हतं.

"पायलट?"

"छान आहेत," तो म्हणाला. "आकडे छान आहेत. छान."

सिस्टर पडद्याजवळ सरकली. त्याच्या कपाळावरून घामाची धार उतरत होती. मागचे प्रवासी तर अंगात गरम कपडे घालून होते. त्याचा एक हात स्टिअरिंगवर काहीतरी शोधत असल्यासारखा फिरत होता.

"पायलट, सकाळी काय खाल्लंत?"

"ते दार लाव गं," तो म्हणाला. "वारा येतोय. दार लाव, आई."

हा घाम, हे बरळणं, वॉर्डात सिस्टरने शेकडो वेळा पाहिलं होतं. दोन पावलं टाकायची, साखरेचं पाणी ओठांना लावायचं, संपलं. इथे ती दोन पावलं कुठे टाकणार? "तुमची साखर उतरलीय! खिशात गोळी, बिस्किट, काही आहे का? लगेच तोंडात टाका!"

"मला शिकवू नका!" पायलट एकदम ओरडला. त्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "गाडी मला शिकवू नका! वेळ झाली!" आणि त्याने इंजिन सुरू केलं.

पडदा थरथरला. फोन घसरून उताणा पडला. आता सिस्टरला फक्त बसचं छत आणि एक दिवा दिसत होता.

"गाडी बंद करा!" ती किंचाळली. "कोणी आहे का तिथे? फोन उचला! कोणीतरी फोन उचला!"

बाहेरून दोन आया धावत आल्या. सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती टेबलावर दोन्ही हात टेकून त्या छताला हाका मारत होती. छत हलायला लागलं होतं. तेवढ्यात छताच्या जागी एका बाईचा चेहरा आला, डोक्याला रुमाल बांधलेला.

"कोण बोलतंय?"

"मी सिस्टर, हॉस्पिटलातून. तुमच्या ड्रायव्हरला आधी थांबवा. गाडी पुढे जाऊ देऊ नका!"

"अहो, हा शिव्या देतोय. प्यायलाय वाटतं."

"प्यायला नाहीये! त्याला मधुमेह आहे. साखर उतरलीय. गाडी बंद करा आधी!"

त्या बाईने मान वळवून जी आरोळी ठोकली ती सिस्टर जन्मात विसरली नाही. "ए कंडक्टर! मेलास का कुठे? गाडी बंद कर, ड्रायव्हर आजारी आहे!" मग गोंधळ, धक्काबुक्की, कोणाचं तरी "प्यालेला आहे, प्यालेला आहे, पोलिसांना बोलवा", आणि सगळ्याच्या मध्ये इंजिनाचा आवाज एकदम थांबला. गाडी फलाटापासून हातभरच पुढे आली होती, असं नंतर कळलं.

"बाई, तुमच्याकडे काही गोड आहे? सरबत, थंड पेय, काहीही."

"नातवंडांसाठी घेतलेली बाटली आहे."

"गोडच आहे ना? बिनसाखरेची नको."

"गोडमिट्ट आहे."

"त्याला गिळता येतंय का बघा. नीट बसवा आणि थोडं थोडं पाजा. थुंकला तरी परत लावा. आणि मला दिसेल असा फोन धरा."

बाईने फोन धरला. पायलटने पहिला घोट तिच्या अंगावर उडवला. दुसरा गिळला. मग बाटली स्वतःच धरली आणि लहान मुलासारखा गटागटा प्यायला लागला. हळूहळू त्याचे डोळे जागेवर आले. त्याने भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं. दाराशी दाटलेल्या माणसांकडे पाहिलं. दोघा-तिघांनी फोन उंच धरून त्याचं चित्रण चालवलं होतं.

"गाडी का बंद आहे?" त्याने विचारलं.

कंडक्टर खाली बघत राहिला. पायलटने फोन हातात घेतला. पडद्यावर सिस्टर होती.

"सिस्टर," तो अगदी हळू म्हणाला, "हे कोणाला सांगू नका."

"आता काहीतरी पोटभर खा," सिस्टर म्हणाली. "गाडी आज दुसरा कोणीतरी नेईल."

मॅडमनी त्याच दिवशी डेपोच्या डॉक्टरला कळवलं. सिस्टर शेजारीच बसली होती. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी तिला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा फुलला होता. "सिस्टर, केवढी मोठी गोष्ट केलीत! पडद्यावरून जीव वाचवला, गाडीभर माणसांचा! आपल्या योजनेची यशोगाथा म्हणून लिहून द्या. फोटोही काढू, पडद्यासमोर हसताना."

"साहेब, माझं हसू जरा नादुरुस्त आहे," सिस्टर म्हणाली आणि खोलीत परत आली.

आठवडा उलटला आणि पायलटचा फोन आला. साधाच, चित्राविना.

"एवढी वर्षं गाडीला ओरखडा नाही, सिस्टर. लोक म्हणाले प्यालेला आहे."

"मला माहीत आहे, तुम्ही प्यालेले नव्हता."

"तुम्हाला माहीत असून काय उपयोग? डेपोभर ते चित्र फिरतंय. माझ्या तोंडातून फेस गळतोय आणि मी लहान पोरासारखा बाटली चोखतोय. साहेब म्हणाले, घरी बसा."

"काही महिने. साखर स्थिर झाली की..."

"तुमचं आपलं बरं आहे. तुम्ही तिकडे खोलीत बसलात, मला इकडे घरी बसवलं. घरबसल्या!" तो हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. "काचेपलीकडून माझी गाडी काढून घेतलीत."

"गाडीत माणसं होती, पायलट! म्हाताऱ्या बाया होत्या, लेकरं होती. काय करायला हवं होतं मी? तुम्हाला हात जोडून..." पण ती हे कोणाला बोलत होती? फोन केव्हाच बंद झाला होता. तिने पाण्याचा पेला उचलला तर तो रिकामा होता. तिने तो इतक्या जोराने ठेवला की शेजारच्या खोलीतून कोणीतरी विचारलं, काय फुटलं?

त्यानंतर पायलट पडद्यावर आलाच नाही. त्याची वेळ आली की सिस्टर पडद्यावर त्याची खिडकी उघडून बसायची. मोठ्या चौकोनात 'वाट पाहत आहे' अशी अक्षरं यायची आणि कोपऱ्यातल्या लहान चौकोनात ती स्वतः. आकडे यायचेही थांबले होते. तिने निरोप टाकले, रागावून टाकले, समजावून टाकले. शेवटी एकदा लिहिलं, 'निदान जिवंत आहात एवढं कळवा.' उत्तर नाही.

मग एका दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"सिस्टर, मी जिन्यात उभी आहे. त्यांना कळायला नको."

"कसे आहेत ते?"

"दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. दाढी करत नाहीत. सुई टोचतात, तेवढं मी बघते. पण बोटातून रक्त काढायचं म्हटलं की मशीन भिरकावतात." ती थांबली. "मला एक सांगायचं होतं. मला झोप येत नाही त्यापायी. ते मागचे आकडे होते ना, चांगले आलेले..."

"हं?"

"ते त्यांचे नव्हते. त्यांनी माझं बोट टोचलं होतं. रोज पहाटे उठवायचे आणि म्हणायचे, दे गं जरा बोट, तुझ्यात काय साखर असणार! मला वाटलं, यांची नोकरी राहील. मला काय ठाऊक असं होईल म्हणून."

सिस्टरने डोळे मिटून घेतले. तिच्या तोंडावर आलेले शब्द चादरींच्या त्या जुन्या खोलीनेही कधी ऐकले नसतील. "वहिनी! अहो वहिनी! तुम्ही दोघं मिळून मला... एकच सुई वापरत होता का दोघांना?"

"नाही हो, सुई बदलत होते. तेवढं त्यांना कळतं."

"उपकार झाले! बाकी अक्कल कुठे गहाण टाकली होती?" सिस्टर बोलत होती आणि बोलता बोलता तिने सवयीने ते जुने आकडे समोर घेतले. ते सुतासारखे सरळ आकडे. एकशे बेचाळीस, एकशे अडतीस, एकशे सत्तर. तिचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला हे आकडे छान होते. पण ज्या बाईला मधुमेह नाही...

"वहिनी, पहाटे उठवून बोट टोचायचे म्हणालात. चहाच्या आधी?"

"उठल्या उठल्या. तोंडही धुतलेलं नसायचं."

"तुम्हाला तहान फार लागते का हो?"

"लागते. रात्री दोनदा-तीनदा उठावंही लागतं. पण आता वय झालं, म्हटलं असेल."

"त्यांना फोन द्या."

"ते तुमच्याशी बोलायचे नाहीत."

"नाही बोलले तरी चालेल. नुसतं कानाला लावा त्यांच्या."

जिन्याच्या पायऱ्या वाजल्या, दार वाजलं, काहीतरी कुजबुज झाली. मग नुसता श्वास ऐकू आला. सिस्टर त्या श्वासाशी बोलली. "पायलट, मला सगळं कळलंय. त्याबद्दल तुम्हाला काय बोलायचं ते मी सवडीने बोलेन, सोडणार नाही. आत्ता एवढंच ऐका. ते आकडे वहिनींचे आहेत आणि ते चांगले नाहीत. त्यांना बहुतेक मधुमेह आहे, आणि कधीपासून कोण जाणे. त्यांची रक्ततपासणी व्हायला हवी, या आठवड्यातच."

श्वास थांबला. "तिला?" पायलट म्हणाला. "माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे झाला नाही. तुमच्यामुळे कळला. पण म्हणून फार मोठा शहाणपणा केलात, असं समजू नका!"

तपासणीत तेच निघालं. वहिनींना गोळ्या सुरू झाल्या. आणि घरबसल्या सल्ल्याच्या पडद्यावर पायलट परत आला, दाढी केलेला. आता नवराबायको दोघंही पेशंट होते आणि फोन पायलटच्या हातात. सिस्टरच्या वैतागाने नवा अवतार घेतला. वहिनींना काही विचारावं तर उत्तर हा देणार.

"वहिनी, चालायला जाता का?"

"जाते हो, रोज..."

"कोपऱ्यापर्यंत जाते आणि तिथे शेजारणीशी बोलत उभी राहते," पायलट मध्येच. "त्याला चालणं म्हणत नाहीत, सिस्टर. त्याला थांबा म्हणतात."

"पायलट, मी तुम्हाला विचारलं?"

"आणि काल दोन बिस्किटं खाल्ली चोरून. मी डबा मोजून ठेवतो."

"बघा कसे छळतात!" वहिनी म्हणायच्या. "आधी स्वतः लपवायचे, आता माझ्यावर पहारा."

"दोघंही गप्प बसा!" सिस्टर ओरडायची. पण पायलटच्या बोटाचे खरे आकडे रोज येत होते, न चुकता, आणि तो न्याहारी केल्याशिवाय सुईला हात लावत नव्हता.

काही महिन्यांनी मॅडमनी दोघांचं सगळं बारकाईने पाहिलं. मग त्यांनी पायलटला पडद्यावर जे सांगायचं ते सरळ सांगितलं. साखर सुधारली आहे. पण ती उतरायला लागली की बाकीच्यांना हात थरथरून, घाम फुटून आधी सूचना मिळते, तशी त्याला वेळेत मिळेनाशी झाली आहे. आजार जुना झाला की काहींचं असं होतं. त्यामुळे गाडी पुन्हा हातात देता येणार नाही.

"कधीच नाही?" पायलटने विचारलं.

"प्रवाशांची गाडी तरी नाही," मॅडम म्हणाल्या.

सिस्टर मॅडमच्या शेजारी बसली होती. तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, चिडेल, मशीन बिघडलंय म्हणेल. तिला ते हवंही होतं. तिने उत्तराची तयारीही केली होती. पायलट म्हणाला, "बरं." मग त्याने फोन बायकोकडे वळवला. "हिच्या गोळीचं विचारायचं होतं. सकाळी घेतली की हिला मळमळतं."

डेपोने त्याला गाड्या धुतात त्या आवारात देखरेखीला बसवलं. सिस्टरने एकदा विचारलं, काम कसं आहे. "पाण्याचं आहे," तो म्हणाला.

वर्षाच्या तपासण्यांसाठी मात्र हॉस्पिटलात यावंच लागतं. डोळ्यांच्या पडद्याचा फोटो, पायांची संवेदना हे काही फोनवर होत नाही. दोघांना एकाच दिवशी बोलावलं होतं. ठरलेली वेळ टळली, दोघांचा पत्ता नाही. डोळ्यांचे डॉक्टर दोनदा दारात येऊन गेले. सिस्टर चरफडत होती. एवढी वर्षं घड्याळाच्या नावाने उपाशी गाडी हाकली, आणि आज याला वेळ पाळता येत नाही! तिने फोन लावला. चित्र लागलं.

पायलट बसमध्ये होता, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, खिडकीशी. त्याच्या खांद्यावर डोकं टाकून वहिनी गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं.

"कुठे आहात तुम्ही? इथे डॉक्टर ताटकळलेत!"

पायलटने ओठांवर बोट ठेवलं. "रस्त्यात गर्दी होती, सिस्टर," तो कुजबुजला. "येतोच आता. हिला रात्री झोप नव्हती, तपासणीची धास्ती. जरा डोळा लागलाय."

"अहो पण..."

"नवा आहे पोरगा," त्याने ड्रायव्हरच्या पाठीकडे मान केली. "बरा चालवतो. वळणावर जरा घाई करतो, एवढंच."

बायको जागी होऊ नये म्हणून त्याने फोनचा हात सावकाश खाली घेतला. बोलणं संपलं असं त्याला वाटलं असावं, पण फोन बंद करायचा राहिला. सिस्टरला आता त्याचा गुडघा दिसत होता, पॉलिश केलेले काळे बूट आणि बसची पत्र्याची जमीन. ती "पायलट, फोन चालू आहे" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने पाहिलं.

त्याचा उजवा पाय पत्र्यावर हलत होता. सरळ रस्त्याला टाच टेकून तो नुसता ठेवलेला होता. मग इंजिनाचा आवाज बदलला, खिडकीतला उजेड फिरू लागला, म्हणजे वळण आलं होतं. पायलटचा पाय अलगद खाली गेला, हळूहळू, झोपलेल्या माणसाला जाग येणार नाही असा. आणि त्यानंतर थोड्या वेळाने, जराशा हिसक्याने, गाडी मंदावली.

डोळ्यांचे डॉक्टर पुन्हा दारात आले तेव्हा सिस्टरने त्यांनाच हाताने थांबा म्हणून खूण केली, आणि पुढचं वळण यायची वाट बघत राहिली.